एकाकी मनास मांजराची सोबत

मनुष्याच्या वाट्यास येणाऱ्या दुःखांपैकी बरीचशी दुःखे दुसऱ्यास दिसतात. ताप आला म्हणजे कपाळ तापते, पाय मुरगळला म्हणजे लंगडावे लागते, घरात मृत्यू झाला म्हणजे शेजारीपाजारी धावून येतात. एकाकीपणाचे दुःख मात्र असे दृष्टीस पडत नाही. ते भरल्या घरात असू शकते, चाळीस मुलांच्या वर्गात असू शकते, वसतिगृहाच्या पंगतीत सर्वांबरोबर जेवणाऱ्या मुलाच्या ताटाशीही ते बसलेले असू शकते. ज्याचे त्यासच ते ठाऊक असते; आणि पुष्कळदा त्यासही त्याचे नाव सांगता येत नाही.

हे दुःख केवळ वृद्धांचे, असा सर्वसाधारण समज आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाने हा समज खोटा ठरविला आहे. जगातील दर सहा माणसांपैकी एक मनुष्य एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि तरुणांत, त्यांतही किशोरवयीन मुलामुलींत, हे प्रमाण सर्वांत अधिक आढळते, असे तो अहवाल सांगतो. म्हणजे ज्या वयाची मुले हे वार्षिक हाती घेऊन प्रथम आपला फोटो कोठे छापला आहे ते शोधतात, त्याच वयाची ही गोष्ट आहे. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

एकाकी मुलास आपण काय सांगतो? “जा, चार मुलांत मिसळ, मैदानावर जा, मित्र जोड.” उपदेश खरा आहे, परंतु ज्यास पोहता येत नाही त्यास पुराच्या पाण्यात उडी घे म्हणण्यासारखाच तो आहे. अशा मुलास पहिली गरज असते ती घाटाच्या पायरीची. पाण्यात उतरण्यापूर्वी पाय टेकावयास काहीतरी हवे. आमचे प्रांजल मत असे आहे की, कोणा निराधार मुक्या जिवाची जबाबदारी अंगावर घेणे ही अशी एक पायरी आहे. आणि ही पायरी मिळण्यास फार दूर जावे लागत नाही. आपल्या वाड्याच्या जिन्याखाली, भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर, पावसात भिजून कुडकुडणारे मांजराचे एखादे पिलू बहुतेक प्रत्येक गावात असतेच.

मांजराचे नाव काढताच कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील हे आम्ही जाणतो. आपल्या भाषेनेच या प्राण्यावर थोडा अन्याय केला आहे. ढोंगी मनुष्यास आपण डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणतो. कोणास अवचित लाभ झाला म्हणजे शिंके तुटले आणि बोक्याचे फावले असे म्हणतो. आणि मांजर आडवे गेले तर सुशिक्षित म्हणविणारी माणसेही दोन पावले मागे सरतात. कुत्र्याच्या वाट्यास इमानाची कीर्ती आली, गाईच्या वाट्यास पूजा आली. मांजराच्या वाट्यास मात्र संशय आला. याहून वाईट रूढी अशी की, घरात पिले फार झाली म्हणजे ती पोत्यात घालून नदीपलीकडे नेऊन सोडावयाची. ‘सोडली’ हा शब्द ऐकण्यास सौम्य आहे. परंतु अन्नपाण्यावाचून ज्यास मरावे लागणार त्यास सोडणे म्हणजे काय, याचा विचार सोडणारा करीत नाही. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हाच मानलेला आहे.

आमच्या पवित्र शास्त्राच्या सहासष्ट पुस्तकांत सिंह आहे, मेंढरू आहे, मुंगी आहे. पाळीव मांजराचा मात्र उल्लेख नाही. असे असूनही या विषयावर त्या शास्त्राचे म्हणणे फार स्पष्ट आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील एक क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. आदामाचे एकटे असणे देवास बरे दिसले नाही. त्यानंतर लगेच काय घडले? देवाने रानातील पशू व आकाशातील पाखरे त्याच्यापुढे आणली आणि आदामाने प्रत्येकास नाव दिले. माणसाच्या एकटेपणाचा प्रश्न निघाल्यावर प्रथम त्याच्या दारी आले ते मुके प्राणीच होत. पण तोच अध्याय पुढे हेही सांगतो की, त्यांत आदामास अनुरूप सोबती मिळाला नाही. तो मनुष्यातच मिळाला. या दोन वाक्यांच्या मध्ये आमचे सारे म्हणणे सामावले आहे. मुका जीव हा एकाकीपणावरील पहिला उतारा आहे, शेवटचा नव्हे.

पहिला उतारा म्हणजे काय, ते एका जुन्या उदाहरणाने पाहू. इंग्रज कवी क्रिस्टोफर स्मार्ट हा १७२२ साली जन्मला. धर्मवेडाने तो रस्त्यात गुडघे टेकून प्रार्थना करू लागे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यासही तसे करावयास सांगे. १७५७ साली त्यास लंडनच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले, आणि १७६३ पर्यंतचा बहुतेक काळ त्याने अशाच ठिकाणी काढला. पत्नी व मुली दुरावल्या, मित्र क्वचित भेटत. त्या बंदिवासात त्याजपाशी एक मांजर होते. त्याचे नाव जेफ्री. तेथे लिहिलेल्या एका दीर्घ काव्यात स्मार्टने या जेफ्रीचे वर्णन केले आहे. ते अंग कसे चाटते, पंजे कसे पुसते, उडी कशी मारते, या प्रत्येक कृतीत त्यास देवाची भक्ती दिसली. ज्या भक्तीपायी जगाने त्यास वेडा ठरविले, तीच भक्ती हे जनावर रोज सकाळी बिनबोभाट करीत आहे, असे पाहून त्या मनुष्यास किती धीर आला असेल! ते हस्तलिखित पावणेदोनशे वर्षे अप्रसिद्ध राहिले व १९३९ साली छापले गेले. १९४३ साली बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने त्यांतील काही भागास, जेफ्रीच्या भागासह, चाल लावली, आणि ते नॉर्थॅम्प्टन येथील एका चर्चच्या सुवर्णमहोत्सवात गाइले गेले. वेड्यांच्या कोठडीतील मांजर अशा रीतीने प्रार्थनामंदिरात पोहोचले.

स्मार्टला मांजराने धीर दिला. परंतु त्यास माणसांत परत आणले असे म्हणता येत नाही, कारण तो १७७१ साली कर्जदारांच्या तुरुंगातच मरण पावला. माणसांत परत आणल्याचे उदाहरण आपल्या काळातील आहे. २००७ साली लंडनच्या टॉटनहॅम भागात जेम्स बोवेन नावाचा एक तरुण सरकारी मदतीच्या खोलीत राहत असे. तो पूर्वी रस्त्यावर राहिलेला होता, हेरॉइनच्या व्यसनातून सुटण्याची औषधे घेत होता, आणि चौकात गिटार वाजवून पोट भरीत होता. एके दिवशी त्याच्या इमारतीच्या बोळात तांबड्या रंगाचा, पायास जखम झालेला एक बोका त्यास दिसला. धन्याचा शोध लागेना. तेव्हा त्याने त्यास प्राण्यांच्या दवाखान्यात नेले, खिशात होते नव्हते ते पैसे औषधास घातले, आणि जखम भरेपर्यंत आपल्या खोलीत ठेवले. बरा झाल्यावर बोका जाईल असे त्यास वाटले होते. पण बोका त्याच्या मागोमाग बसमध्ये चढला. त्याचे नाव बॉब.

पुढील गोष्ट जगास ठाऊक आहे. २०१२ साली बोवेनचे आत्मकथन प्रसिद्ध झाले, २०१६ साली त्यावर चित्रपट निघाला. २०२० साली बॉब मरण पावला, आणि २०२१ साली लंडनमध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. परंतु आम्हांस पुतळ्यापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचे महत्त्व वाटते. बॉब खांद्यावर बसण्यापूर्वी शेकडो लोक बोवेनकडे न पाहता पुढे जात. बॉब आल्यावर तेच लोक थांबू लागले, याचे नाव काय म्हणून विचारू लागले, आणि मांजराची विचारपूस करता करता माणसाचीही करू लागले. दुसरे असे की, सकाळी उठण्यास आता त्यास कारण होते. आपण घसरलो तर आपल्याबरोबर आणखी एक जीव उपाशी राहील, ही जाणीव त्यास व्यसन सोडताना उपयोगी पडली, असे त्यानेच सांगितले आहे. त्याने मांजरास वाचविले की मांजराने त्यास, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

ही एकाच मनुष्याची नशिबाची गोष्ट, असे कोणी म्हणेल. म्हणून आणखी एक उदाहरण देतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात पेंडलटन येथील तुरुंगात २०१५ साली एक उपक्रम सुरू झाला. छळलेली, टाकून दिलेली, माणसास भिणारी मांजरे तेथे आणून त्यांची देखभाल कैद्यांवर सोपविण्यात आली. ज्या हातांवर समाजाचा विश्वास उरला नाही, त्याच हातांनी भ्यालेल्या प्राण्यांस पुन्हा विश्वास शिकवावा, आणि मग ती मांजरे चांगल्या घरी द्यावी, अशी ही योजना. यात दोघांनाही टाकलेले होते, आणि दोघांनाही एकमेकांची गरज लागली. 

या सर्वांत गूढ असे काही नाही. एकाकी मनुष्याचे खरे दुःख आपणांस कोणी विचारीत नाही एवढेच नसते. आपली कोणास गरज नाही, हे त्याहून खोल दुःख असते. दया केल्याने ते जात नाही, उलट वाढते; कारण दया करणारा वर असतो आणि घेणारा खाली. पण ज्या मुलाच्या हातून पिलास दर तीन तासांनी अन्न मिळावयाचे आहे, त्यास ‘माझी कोणास गरज आहे?’ हा प्रश्न विचारण्यास सवडच राहत नाही. शिवाय मांजर गुणपत्रक पाहत नाही. मुलगा पहिला आला की नापास झाला, बापाचा पगार किती, जात कोणती, बोलताना अडखळतो काय, यांपैकी काहीही ते विचारीत नाही.

मात्र मांजराचा विश्वास सहजी मिळत नाही, आणि आमच्या मते हाच त्याचा मोठा गुण आहे. पिलू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाच्या सहवासात आले तर लवकर माणसाळते. त्यानंतर रस्त्यावरून आलेले मांजर कपाटाखाली जाऊन बसते आणि हाक मारली तरी येत नाही. त्यास ओढून काढणाऱ्याच्या हातावर ओरखडे उठतात. वाटी ठेवून दूर बसावे, दुसऱ्या दिवशी थोडे जवळ बसावे, तिसऱ्या दिवशी हात नुसता जमिनीवर ठेवावा, आणि केव्हातरी ते आपणहून येऊन आपले मस्तक त्या हातास घासते. ज्या मुलाने ही आठ दिवसांची तपश्चर्या केली, त्यास माणसांशी मैत्री कशी करावी हे वेगळे शिकवावे लागत नाही. प्रौढ मांजरे आपसांत क्वचितच म्याव म्हणतात. तो शब्द ती बहुतांशी माणसासाठीच राखून ठेवतात. आपल्याशी बोलण्याकरिता एका जिवाने एक स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे, हे काय थोडे झाले?

आमच्या वसतिगृहातील एक घटना येथे सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी सातव्या इयत्तेत एक मुलगा आला. आई वारलेली, वडील ऊसतोडीस जाणारे. दोन महिने त्याने कोणाशी धड संभाषण केले नाही; विचारले तर हो अथवा नाही, एवढेच उत्तर. श्रावणातल्या एका रात्री भटारखान्यामागच्या नालीत एक पिलू वाहत आले, आणि स्वयंपाकाच्या मावशींनी ते झाडूने बाहेर काढून ठेवले. सकाळी त्यास गावाबाहेर पाठवावयाचे ठरत होते, तेव्हा हा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, “सर, हिला आई नाही. मी पाहीन हिला.” त्याच्या तोंडून निघालेली ती पहिली दोन पुरी वाक्ये आम्ही ऐकली. जेवणाची व साफसफाईची जबाबदारी त्याची, आणि पिलू खोल्यांत न नेता लाकडांच्या खोलीत ठेवावयाचे, अशा अटी घालून परवानगी देण्यात आली. पुढे ते मांजर पाहण्याकरिता मुले लाकडांच्या खोलीशी जमू लागली. त्यास काय द्यावे, ते शिंकते का, याची माहिती एकट्या त्यालाच; म्हणून ती मुले त्यालाच विचारीत. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आम्ही त्यास मैदानावर चेंडूमागे धावताना पाहिले. आईची आठवण त्यास येत नाहीशी झाली, असे आम्ही म्हणणार नाही; ती येणारच, आणि यावी. परंतु ती आठवण घेऊन तो आता एकटा बसत नसे.

या मतावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, माणसे उपाशी असता मांजरांचे लाड कशास? आक्षेप गंभीर आहे. पण करुणा ही धान्याची कणगी नव्हे की, एकास मापून दिली म्हणजे दुसऱ्यास कमी पडावी. तिचा स्वभाव झऱ्याचा आहे. उपसा चालू राहिला तरच तो वाहता राहतो. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास एक ससा आला, तेव्हा त्यांनी शिकाऱ्यांस तो परत दिला नाही, ही लीळाचरित्रातील कथा आपल्या मराठी भाषेच्या आरंभीच्या गद्यातील आहे. शरण आलेल्या सशास जे देत नाहीत, ते शरण आलेल्या माणसासही देणार नाहीत. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास पापाची जाणीव करून दिली ती कशाने? एका गरीब मनुष्याने लेकीसारख्या वाढविलेल्या कोकरीच्या गोष्टीने. राजाचे हृदय त्या कोकरीसाठी प्रथम कळवळले, आणि मगच त्यास आपण माणसावर केलेला अन्याय दिसला.

दुसरा आक्षेप असा की, मुले प्राण्यांत रमून माणसे टाळतील. हे भय निराधार नाही. जो मनुष्य घराचे दार लावून वीस मांजरे घेऊन बसतो, त्यास पायरी सापडली नसून लपण्यास जागा सापडली आहे. म्हणून पालकांनी व शिक्षकांनी पाहावे ते हेच की, मांजरामुळे मुलाचे दार उघडते आहे की लागते आहे. आणि जेथे मुलाचे मौन फार दिवस टिकते, झोप व अन्न तुटते, तेथे मांजरावर विसंबून न राहता जाणत्या वैद्याचा सल्ला घ्यावा.

तिसरा आक्षेप रोगराईचा. त्यास उत्तर ज्ञान हेच होय, आणि म्हणून विद्यार्थ्यांस काही गोष्टी स्पष्ट सांगतो. पिले एकटी दिसताच उचलू नयेत. त्यांची आई भक्ष्य शोधण्यास गेलेली असू शकते, म्हणून ती धोक्यात नसतील तर काही तास दुरून पाहावे. आई परतली नाही तर पिलास प्रथम ऊब द्यावी, मग अन्न. गारठलेल्या पिलास भरविणे घातक ठरते. गाई-म्हशीचे दूध हे मांजराचे योग्य अन्न आहे, ही आपली जुनी समजूत चुकीची आहे. पुष्कळ मांजरांस ते पचत नाही व पिलांस जुलाब होतात. पिलांसाठी वेगळे दूध मिळते. ते पशुवैद्यास विचारून द्यावे. मांजराने चावले अथवा ओरबाडले तर ते लपवू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे, कारण हा रोग एकदा प्रकट झाला म्हणजे जवळजवळ निश्चित प्राणघातक असतो. मांजरासही लस टोचून घ्यावी. आणि शेवटची गोष्ट, शस्त्रक्रियेने त्याची प्रजोत्पत्ती थांबवावी. मांजरी सुमारे दोन महिन्यांत विते आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा विऊ शकते. एकीस वाचवून तिची पिले पोत्यात घालावयाची, तर मग वाचविले काय? दयेस विवेकाची जोड नसेल तर ती दुसऱ्याच्या दारी दुःख नेऊन टाकते.

पालकांस आमची विनंती एवढीच आहे. तुमचा मुलगा अथवा मुलगी एखादे भिजलेले पिलू सदऱ्यात लपवून घरी आणील, तेव्हा पहिला शब्द “टाकून ये” असा निघू देऊ नका. घर लहान असेल, भाड्याचे असेल, घरात दम्याचा रोगी असेल. ठेवणे शक्य नसेल तर ते तसे समजावून सांगा. पण त्या पिलासाठी दुसरे घर शोधण्यास मुलाबरोबर निघा. त्या संध्याकाळी तुम्ही चार दारे ठोठवाल, चार माणसांशी बोलाल, आणि तुमचे मूल पाहील की, दुर्बळासाठी आपले आईबाप आपला वेळ खर्च करतात. पुढे जेव्हा ते स्वतः दुर्बळ होईल, मनातून भिजून कुडकुडत घरी येईल, तेव्हा हे दार आपणांस उघडे आहे हे त्यास सांगावे लागणार नाही. आणि ज्यांची मुले नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस अथवा परदेशी गेली, व ज्यांचा दिवस दूरध्वनीची वाट पाहण्यात जातो, अशा आजीआजोबांसही आम्ही सुचवितो की, उंबरठ्याशी रोज येणाऱ्या मांजरास एक वाटी ठेवून पाहावे. उद्या कोणी येणार आहे, ही खात्री आयुष्याच्या उतरणीवर लहान नसते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी ज्यास आज आपण एकटे आहोत असे वाटते, त्याने आपल्याहून अधिक एकटे कोण आहे ते शोधावे. कदाचित ते जिन्याखालचे पिलू असेल. कदाचित ते मागच्या बाकावर बसणारे, नव्याने शाळेत आलेले मूल असेल. पहिल्यापासून आरंभ करा, पण दुसऱ्यापर्यंत पोहोचा. चिमण्यांपैकी एकही ज्याच्या विसरात नाही, तो आपला आकाशातील पिता तुमच्याही पावलांकडे पाहत आहे.